काडतुसांचे पुनर्भरण

एकदा उडविलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी टाकून न देता ती पूर्ववत करणे आणि तीत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा वापरण्याजोगे बनविणे, या क्रियेस काडतुसाचे पुनर्भरण म्हणतात. रायफलीच्या आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसविलेली व आघाताने पेटणारी टोपी, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. बार उडाला की टोपीतील मिश्रण व दारू जळून जाते आणि गोळी निघून जाते. मागे राहते ती पुंगळी. चारही घटकांत घडविण्यास सर्वांत किचकट व म्हणून महाग अशी तीच असते. पुनर्भरणाच्या मुळाशी हे साधे गणित आहे. तथापि या उद्योगाचा इतिहास केवळ काटकसरीचा नाही. बार कोणी भरावा, सरकारी दारूखान्याने, खाजगी कारखान्याने की बंदूक हाती असलेल्या माणसाने, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा उभा राहिलेला आढळतो. भारतात तर त्या प्रश्नाचे एक रूप १८५७ मध्ये फार मोठ्या उठावाचे निमित्त ठरले.

पूर्वपीठिका : ठासणीच्या बंदुकीच्या काळात पुनर्भरण असा वेगळा विषयच नव्हता, कारण प्रत्येक बंदूकधारी आपला बार आपणच भरीत असे. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतावयाची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा व गोळी घालून गजाने ठासावयाची, कानाशी रंजक ठेवावयाची आणि तोड्याने किंवा चकमकीने ती पेटवावयाची, असा हा क्रम होता. ‘बार भरणे’, ‘फुसका बार’ हे मराठीतील प्रयोग त्याच काळाची आठवण देतात. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकींमुळे हा क्रम तेथे विसाव्या शतकातही परिचित राहिला.

रणांगणावर दारू मोजत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून एका बाराची दारू व गोळी कागदाच्या सुरळीत आधीच गुंडाळून ठेवण्याची पद्धत यूरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली व सतराव्या शतकात ती सैन्यांत रूढ झाली. स्वीडनचा राजा गस्टाव्हस आडॉल्फस याने तिचा पद्धतशीर उपयोग केला. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असून त्याचे मूळ कागद या अर्थाच्या शब्दात आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिले काडतूस म्हणजे कागदाची पुडीच होय. ती दातांनी फोडून दारू नळीत ओतीत आणि उरलेला कागद गोळीसह ठासून टाकीत. या पद्धतीने भरण्याचे काम सैनिकाच्या हातून अंशतः निघून दारूखान्याकडे गेले. आपल्या तोंडात काय येते यावरचा त्याचा ताबा त्याबरोबरच सुटला, पण दोन शतके त्याविषयी कोणी फारसा विचार केल्याचे दिसत नाही.

हा विचार करण्याची वेळ बंगालच्या सैन्यावर आली. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ०·५७७ इंच (सु. १४·७ मिमी.) व्यासाची असून तिच्या नळीत आटे होते. आट्यांच्या नळीत गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकास वंगण लावीत. त्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथील केंद्रातून पसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने काडतुसे वंगणाविना देण्याचा व शिपायांनी आपल्या पसंतीचे तेल, तूप किंवा मेण स्वतः लावून घेण्याचा आदेश काढला. म्हणजे काडतूस तयार करण्याचा शेवटचा टप्पा पुन्हा शिपायाच्या हाती दिला. परंतु विश्वास उडाल्यावर ही सवलत कामास आली नाही. संशय वंगणावरून चकाकणाऱ्या कागदावर गेला. बहरामपूर (बंगाल) येथे २६ फेब्रुवारी रोजी १९ व्या पलटणीने काडतुसे घेण्याचे नाकारले. पुढे काडतूस दातांऐवजी बोटांनी फोडावे अशी कवायतीत दुरुस्ती झाली. तरीही २४ एप्रिल रोजी मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसांस हात लावला नाही. त्यांना ९ मे रोजी बेड्या ठोकण्यात आल्या व दुसऱ्या दिवशी उठाव झाला. या उठावाची कारणे काडतुसाहून पुष्कळ खोल होती हे सर्वमान्य आहे. पण परक्या हातांनी भरलेला बार किती संशयास पात्र होऊ शकतो, याचे एवढे ठळक उदाहरण जगाच्या इतिहासात दुसरे नाही.

धातूची पुंगळी : पुनर्भरणाचा खरा आरंभ धातूच्या पुंगळीपासून होतो व ती शक्य झाली आघाताने पेटणाऱ्या संयुगांमुळे. एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० मध्ये पाऱ्याचे फल्मिनेट तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने फल्मिनेटाच्या आघाताने बार पेटविण्याच्या युक्तीचे एकस्व १८०७ मध्ये घेतले. बदके चकमकीचा प्रकाश पाहून उडून जात व नेम चुके, म्हणून त्याने हा शोध लावला असे सांगतात. सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये पॅरिस येथे बुडाकडून भरण्याच्या बंदुकीचे व तिच्या काडतुसाचे एकस्व घेतले. या काडतुसाचे बूड पितळेचे होते व ते पुन्हा भरता येई. काळाच्या फार पुढे असलेल्या या कल्पनेचा त्याला स्वतःला लाभ झाला नाही.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत काडतुसांचे नाना प्रकार झाले व मागेही पडले. प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारलेल्या ड्रायझे यांच्या सुईच्या बंदुकीचे काडतूस कागदीच होते. ल फॉशो यांच्या काडतुसात बाजूने बाहेर आलेली एक खीळ असे. फ्लोबेर यांच्या प्रयोगांतून व १८५७ मध्ये स्मिथ आणि वेसन या अमेरिकी कंपनीने काढलेल्या ०·२२ इंची काडतुसातून कडेवर आघात होणारा प्रकार पुढे आला. त्यात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या पातळ कडेच्या पोकळीत भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते व पुंगळी पुन्हा भरण्यास निरुपयोगी होते. आजही ०·२२ इंची काडतूस याच प्रकारचे असून ते पुन्हा भरीत नाहीत.

बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी बसविण्याची रचना मात्र पुनर्भरणास सर्वस्वी अनुकूल ठरली. तिचे दोन प्रकार १८६६ या एकाच वर्षी पुढे आले. इंग्लंडमध्ये वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे अधीक्षक कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी काडतूस बनविले. त्यातील ऐरण टोपीच्या आतच असते आणि पुंगळीच्या बुडास मध्यभागी एकच छिद्र असते. अमेरिकेत हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविली व तिच्या दोन्ही बाजूंस दोन बारीक छिद्रे ठेविली. दिसावयास हा फरक क्षुल्लक आहे. पण पुनर्भरणाचे भवितव्य त्यानेच ठरविले. बॉक्सर पुंगळीत वरून एक सरळ सुई घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जुनी टोपी बाहेर ढकलते. बर्डन पुंगळीत सुईस वाट नसते. टोपी बाहेरून उचकटून काढावी लागते व त्यात ऐरण बिघडण्याची भीती असते. चमत्कार असा, की इंग्रज अधिकाऱ्याची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची टोपी यूरोपातील सैन्यांनी उचलली. सैन्यांना पुंगळी स्वस्तात घडवावयाची होती. ती परत भरण्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. अमेरिकेत पुनर्भरण घरोघरी पोचले व यूरोपात ते तुलनेने मागे राहिले, याच्या कारणांत या दोन छिद्रांचा वाटा मोठा आहे.

पुंगळीचा धातूही अनुभवाने ठरला. आरंभी पातळ पितळी पत्रा गुंडाळून किंवा तांब्यापासून ती बनवीत. तांबे मऊ असल्याने उडविल्यावर पुंगळी कोठीस चिकटे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत (२५ जून १८७६) जनरल कस्टर यांच्या तुकडीचा नाश होण्यास अशा अडकलेल्या पुंगळ्या कारण झाल्या, असे दीर्घकाळ सांगितले जाई. १९८४ पासून तेथे झालेल्या उत्खननात उचकटून काढल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या थोड्याच सापडल्या, तेव्हा ही समजूत अतिशयोक्त होती असे म्हणावे लागते. अखेरीस सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ सर्वत्र रूढ झाले. ते दाबाखाली फुगून कोठीची भिंत घट्ट धरते, त्यामुळे वायू मागे येत नाहीत. आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळे होते. लवचिकपणाच्या या गुणामुळेच एक पुंगळी अनेकदा वापरता येते.

या पितळाचा एक दोष हिंदुस्थानात उघडकीस आला. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठविलेल्या ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. कारण ऋतूशी निगडित दिसल्याने या तडकण्यास इंग्रजीत ऋतुसूचक नाव पडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडविताना पितळात राहिलेला अंतर्गत ताण या तिहींच्या संयोगाने असे होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पुंगळी बेताने तापवून हा ताण घालविता येतो. पुनःपुन्हा भरल्याने ताठर झालेली पुंगळीची मान तापवून मऊ करण्याची पुनर्भरकांची रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

गवताळ प्रदेशातील शिकारी : पुनर्भरणास व्यवसायाचे रूप आले ते १८७० नंतरच्या दशकात, उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसन या रानबैलांच्या कातड्यांना पूर्वेकडील कारखान्यांतून मोठी मागणी होती. त्यांची शिकार करणाऱ्या टोळ्या रेल्वेपासून शेकडो किमी. दूर महिनोन्‌महिने मुक्काम करीत. तयार काडतुसे तेथवर नेणे जड व महाग पडे. म्हणून शिकारी पिंपांतून दारू, लादीच्या रूपात शिसे व डब्यांतून टोप्या नेत. दिवसा उडविलेल्या पुंगळ्या गोळा करून रात्री शेकोटीशेजारी शिसे वितळवून गोळ्या ओतीत व दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरून ठेवीत. शार्प्स कंपनीच्या जड रायफली त्यांच्या विशेष आवडीच्या होत. याच साधनांनी काही वर्षांत कळपच्या कळप नाहीसे झाले. विल्यम हॉर्नडे यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार एके काळी कोट्यवधींनी असलेल्या या प्राण्याची सर्व मिळून संख्या सु. एक हजारावर आली होती. दूरच्या रानात स्वस्तात भरता येणारे काडतूस नसते, तर हा संहार इतक्या थोड्या अवधीत पुरा झाला असता असे वाटत नाही. ज्या आदिवासी जमातींचे जीवन या प्राण्यावर अवलंबून होते, त्यांचे योद्धेही रिकाम्या पुंगळ्या जमवून त्या हाताने भरीत असत.

सैन्यानेही या काळात पुनर्भरण जवळ केले. अमेरिकी लष्कराच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे काडतूस ‘·४५-७०’ या नावाने ओळखले जाई. ०·४५ इंच (सु. ११·४ मिमी.) व्यास व ७० ग्रेन (सु. ४·५ ग्रॅ.) काळी दारू असा त्याचा अर्थ. त्याच्या पहिल्या पुंगळीत टोपी आतून बसविलेली असल्याने ती पुन्हा भरता येत नसे. १८८० नंतरच्या दशकात बाहेरून टोपी बसविण्याची पुंगळी आली आणि नेमबाजीच्या सरावावरील खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तुकड्यांना भरण्याची हत्यारे देण्यात आली.

हत्यारांच्या बाजारपेठेत कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील आयडियल कंपनीचे नाव अग्रभागी होते. जॉन बार्लो यांनी ती १८८४ मध्ये स्थापन केली. अडकित्त्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या एकाच हत्याराने टोपी काढणे, नवी बसविणे, गोळी दाबणे व काही प्रकारांत गोळी ओतणेही साधे. कंपनीने काढलेली माहितीपुस्तिका हत्याराइतकीच महत्त्वाची ठरली. तोवर तोंडोतोंडी चालणारे ज्ञान छापले गेले व भिन्न ठिकाणच्या लोकांचे अनुभव एकत्र आले. ही कंपनी १९१० मध्ये मार्लिन यांच्याकडे व १९२५ मध्ये लायमन यांच्याकडे गेली आणि पुस्तिकेची परंपरा लायमन कंपनीने पुढे चालविली.

धूररहित दारूचे संकट : काळ्या दारूचे भरणे क्षमाशील होते. सोरा, गंधक व कोळसा यांचे हे मिश्रण पुंगळीत काठोकाठ भरले तरी बहुधा अनर्थ होत नसे. पुंगळीत जितकी मावेल तितकी दारू, हेच माप होते. पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये नायट्रोसेल्युलोजापासून धूररहित दारू तयार केली व १८८६ च्या लबेल रायफलीत ती वापरात आली. आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट (१८८७) आणि एबल व ड्यूअर यांची कॉर्डाइट (१८८९) ही पाठोपाठ आली. या दारूत तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक ऊर्जा असते. ·४५-७० काडतुसासाठी आज मान्य असलेला कमाल दाब चौ. इंचास २८,००० पौंड आहे, तर १९०६ च्या ·३०-०६ या अमेरिकी लष्करी काडतुसासाठी तो ६०,००० पौंड आहे. शिवाय हा दाब भरलेल्या दारूच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. मर्यादेजवळ तो एकदम उसळी घेतो.

जुन्या सवयीने पुंगळी काठोकाठ भरणाऱ्यांच्या रायफली फुटल्या आणि बोटे व डोळे गेले. मापाच्या जागी तराजू आला. एक ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. त्याच्याही दशांशापर्यंत वजन करणे आवश्यक ठरले. एका जातीच्या दारूचे प्रमाण दुसरीस लागू पडत नाही आणि डोळ्यांनी पाहून त्या ओळखता येत नाहीत, ही या दारूची दुसरी अडचण होय. त्यामुळे दाब मोजण्याची उपकरणे असलेल्या प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांवर पुनर्भरकास अवलंबून राहावे लागले. जी कला शेकोटीजवळ बसून अंदाजाने चाले, ती येथून पुढे छापील अंकांची झाली. स्वतः बार भरणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर आलेली ही पहिली खरी मर्यादा म्हणता येईल, आणि ती कोणत्याही सरकारने घातलेली नव्हती.

नव्या दारूने टोपीचेही दोष उघडे केले. काळ्या दारूची काजळी पाऱ्यास झाकून टाकी; ती नाहीशी होताच फल्मिनेटातील पारा थेट पितळात शिरू लागला व पुंगळ्या ठिसूळ होऊ लागल्या. अमेरिकी लष्कराने १८९८ च्या सुमारास पारारहित टोपी स्वीकारली. पण तीतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे क्षार राही व हवेतील ओल शोषून नळीस गंज चढवी. गंजाचा दोष वर्षानुवर्षे धूररहित दारूस दिला जात होता. खरा अपराधी हा क्षार आहे, हे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या खाण विभागातील संशोधनाने दाखविले. गंज न चढविणाऱ्या टोप्या १९२० नंतरच्या दशकात जर्मनी व अमेरिका येथे बाजारात आल्या. टोपी हा घटक मात्र घरी करण्याजोगा कधीच राहिला नाही, कारण तीतील मिश्रण हाताळताना होणारी लहानशी चूकही प्राणघातक ठरते.

हौस व प्रयोग : दोन महायुद्धांमधील काळात पुनर्भरणाचे उद्दिष्ट बदलले. पैसा वाचविण्यापेक्षा आपल्या एका विशिष्ट रायफलीस नेमके जुळणारे काडतूस बनविणे हे नेमबाजांना महत्त्वाचे वाटू लागले. कारखान्यास एकच काडतूस हजारो रायफलींसाठी करावे लागते. घरी भरणाऱ्यास ते एकीसाठीच करावयाचे असते. काहींनी पुंगळीचाच आकार बदलून नवीन काडतुसे निर्माण केली. अमेरिकेत त्यांना ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजर असे गमतीदार नाव पडले. ·२२ हॉर्नेट हे काडतूस अशाच प्रयोगांतून निघाले. टाउनसेंड व्हीलेन व त्यांचे सहकारी यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात जुन्या काळ्या दारूच्या पुंगळीवर हे प्रयोग केले होते. विंचेस्टर कंपनीने १९३० मध्ये ते काडतूस विक्रीस आणले, तेव्हा त्यासाठी कारखान्यात तयार झालेली एकही रायफल बाजारात नव्हती. ·२२-२५० या काडतुसास रेमिंग्टन कंपनीची मान्यता मिळाली ती १९६५ मध्ये; हौशी मंडळी ते त्यापूर्वी सु. तीस वर्षे भरीत होती. फिलिप शार्प यांचा १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेला बृहद्‌ग्रंथ या काळातील ज्ञानाचा संग्रह म्हणून अद्याप वाचला जातो.

दुसऱ्या महायुद्धात खाजगी वापरासाठी गोळ्या व दारू मिळेनाशी झाली. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये ०·२२ इंची काडतुसांच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या ठोकून त्यांपासून गोळ्यांची वेष्टने करण्याचा साचा बनविला. ‘आरसीबीएस’ या हत्यारे बनविणाऱ्या कंपनीचा उगम त्यात आहे. जी पुंगळी पुन्हा भरता येत नाही तिचाच असा उपयोग व्हावा, हे मौजेचे आहे. व्हर्नन स्पीअर व जॉइस हॉर्नेडी यांच्या गोळ्यांच्या कारखान्यांचाही आरंभ याच युक्तीतून झाला. युद्ध संपल्यावर सरकारकडे पडून राहिलेली दारू कॅन्झस राज्यातील ब्रूस हॉजडन यांनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतली व किरकोळीने विकली. स्वस्त दारू, युद्धातून परतलेले तरुण आणि फावला वेळ यांच्या योगाने १९५० नंतर पुनर्भरण हा मध्यमवर्गीय छंद झाला. रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये काढलेल्या साध्या संचामुळे महागड्या दाबयंत्राविना हातोडीने ठोकूनही भरणे शक्य झाले.

नवशिक्यास जी शिस्त शिकविली जाते ती या सर्व अनुभवांचा अर्क आहे. पुंगळी प्रथम स्वच्छ करून तपासतात. मानेवर चीर असेल किंवा बुडाच्या थोडे वर चकाकणारे कडे उमटले असेल, तर धातू ताणून पातळ झाला आहे असे समजून ती मोडीत काढतात. चांगली पुंगळी वंगण लावून पोलादी साच्यात दाबली की फुगलेले अंग मूळ मापास येते व त्याच दाबात सुई जुनी टोपी बाहेर ढकलते. ताणामुळे वाढलेली लांबी कापून काढतात, नवी टोपी बसवितात, कोष्टकाप्रमाणे तोललेली दारू घालतात आणि शेवटी ठराविक खोलीवर गोळी दाबतात. ओट्यावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा असावा व भरलेल्या पुंगळ्यांत उजेड धरून प्रत्येकीतील दारूची पातळी पाहावी, हे दोन दंडक सर्व पुस्तिकांत आढळतात. पहिला जाती मिसळण्याच्या व दुसरा एकाच पुंगळीत दोनदा दारू पडण्याच्या धोक्यामुळे घातला गेला आहे.

भारतातील स्थिती : ब्रिटिश राजवटीस पुनर्भरणाची चिंता वाटत असे ती वेगळ्याच कारणाने. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत टोप्या, काडतुसांचे सर्व भाग व ते बनविण्याची यंत्रे अंतर्भूत केली. शिसे, गंधक व सोरा मात्र वगळले. ठासणीची बंदूक भरणारा खेडूत सरकारला तितका भयंकर वाटत नव्हता, धातूची पुंगळी भरणारा वाटत होता, असा याचा अर्थ लावता येईल. वायव्य सरहद्दीवर ही भीती निराधार नव्हती. तेथील पठाण कारागीर चांदमारीच्या मैदानांवरून व चकमकींच्या जागांवरून वेचलेल्या पुंगळ्या पुन्हा भरीत. मार्टिनी-हेन्री रायफलीस चालतील अशा ०·४५० इंची गोळ्या शिकारीच्या काडतुसांतून काढून घेतल्या जातील, या शंकेने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या व्यासाची शिकारी काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी घालण्यात आली. वाघाच्या व हत्तीच्या शिकारीसाठी १९०७ च्या सुमारास इंग्लंडमधील बंदूक कारखानदारांनी काढलेली ०·४६५, ०·४७० व ०·४७५ इंची काडतुसे ही या बंदीची अपत्ये होत. ज्या काडतुसांना पुढे आफ्रिकेच्या शिकारकथांत एवढे नाव मिळाले, त्यांच्या जन्मास हिंदुस्थानातील पुनर्भरणाची धास्ती कारण झाली.

काडतुसांचे उत्पादन सरकारने आपल्याच हाती ठेविले. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी कारखाना सुरू झाला. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले असून तिचे मुख्यालय पुण्यास आहे. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. या अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत याउलट स्थिती आहे : १९६८ च्या संघीय कायद्याने विक्रीसाठी काडतुसे बनविणाऱ्यास परवाना सक्तीचा केला, पण स्वतःच्या वापरापुरती ती भरणाऱ्यास मोकळीक ठेवली. ही मोकळीकही कारखान्यांवर अवलंबून असते, हे २०२० नंतरच्या टंचाईत दिसून आले. दारू, गोळ्या व पुंगळ्या जवळ असूनही केवळ टोप्या मिळेनाशा झाल्याने अनेकांची हत्यारे पडून राहिली.

भारतातील क्रीडा-नेमबाज मुख्यतः ०·२२ इंची काडतुसे वा हवेची रायफल वापरतात, त्यामुळे त्यांच्यापुढे पुनर्भरणाचा प्रश्न उद्‌भवत नाही. सैन्यात व पोलीस दलांत चांदमारी संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या वेचून, दिलेल्या काडतुसांच्या संख्येशी त्यांचा मेळ घालून त्या भांडारात जमा करण्याची पद्धत आहे. एखादी कमी भरल्यास गवतात शोध घ्यावा लागतो.